बिनपाळीचा वाफा

उंबरथडीचा बंधारा पाहायला येणारे बंधाऱ्याचे फोटो काढतात आणि निघून जातात. पाटाच्या पार शेवटी, चिंचेखाली, जेमतेम चार खाटा मावतील एवढा एक वाफा आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. आलाच आहात तर सावलीत या, आणि त्या वाफ्याचं ऐकून जा.

या गावात पाणी पाळीने मिळतं. आज या शेताला, उद्या त्या शेताला, पाटकरी सांगेल तेव्हा. पाळी सोडून पाटलाच्या शेतालाही थेंब मिळत नाही. या एका वाफ्याला मात्र पाळीच नाही. गावातली कोणतीही पोर येते, मातीचा बांध हाताने फोडते आणि हवं तेव्हा पाणी घेते. पाटकऱ्याने 'का' म्हणून विचारायचं नाही, असा दंडकच आहे.

असं सांगतात की बंधारा बांधून बारा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. शिवराम आणि धुरपता यांची लेक वेणू, तेरा सरून चौदाव्यात होती. तिला पहिलं न्हाण आलं तेव्हा धुरपताने गल्लीभर साखर वाटली. आणि पुढे? दोन महिने काहीच नाही. मग एकदा पंधरा दिवसांतच दोनदा पाळी आली, आणि त्यानंतर दोन महिने कोरडेच. आता त्या काळी ही गोष्ट लपायची कशी! बाई बाहेर बसली की पडवीत तिचं घोंगडं दिसायचं, आणि नाही बसली तरी ते गल्लीच्या डोळ्यांत यायचं. हिने त्या दिवसांत पाट ओलांडला, नदीची देवी कोपली, असं कुणीतरी म्हटलं. झालं, सगळ्यांना पटलं. धुरपता हबकली. तिने लेकीला नेम धरायला लावला: पाळी येईपर्यंत दिवसातून एकदा जेवायचं, तेही मूठभर भगर.

पोर गुणाची. महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही. पण शेजारी भाकरी भाजल्याचा वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि घागर उचलली की डोळ्यांपुढे अंधारी. आपण आता काही जगत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पाळी येईना आणि माय जेवू देईना.

लेकीची हाडं दिसायला लागली तेव्हा धुरपताला राहवेना. ती गेंदामायकडे गेली. गेंदामाय गावची सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, पण कानाने जड. पाटावर धुणं धूत बसली होती. धुरपता कानाशी लागून पुटपुटली, म्हातारी आपली "काय? काय?" करत राहिली. अखेर धुरपता ओरडलीच, "अहो माय, आमची पाळी चुकली! तीन महिने झाले!"

हे ऐकलं कुणी, तर झिपरू पाटकऱ्याने. वरच्या अंगाला फावडं घेऊन उभा होता बिचारा. बारा वर्षांत आपल्या हातून कुणाची पाळी चुकली नाही, एवढा एकच त्याचा अभिमान. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दवंडी पिटवून चावडीवर गाव गोळा केलं. बायाही आल्या. वेणू मायच्या पदराआड उभी होती.

"शिवरामाची पाळी तीन महिने चुकली म्हणे!" झिपरू गरजला. "धुरपतावहिनी, चौघांत सांगा. कोणत्या दिवशी चुकली?"

शिवराम चक्रावला. त्याचा ऊस तर डोक्याच्या वर गेला होता! धुरपताने पदर तोंडात कोंबला. बायकांत आधी कुजबुज झाली, मग खुसखुस. वेणूला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात गेंदामाय काठी टेकत पुढे आली. "झिपऱ्या, मेल्या, तुझ्या पाण्याची नाही रे! पोरीची!"

झिपरूचं तोंड एवढंसं झालं. चावडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे देवीचा कोप खराच." गेंदामायने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तिने वेणूला पुढे ओढलं, पापणी उलटून पाहिली, दंड चाचपला, आणि झिपरूलाच विचारलं, "हा पाट नवा खणला तेव्हा पाणी शेवटाला कसं पोचायचं रे?"

पाण्याचं विचारलं की झिपरू खोटं बोलायचा नाही. "कसलं पोचतंय! कधी आठ दिवसांत दोनदा, कधी महिना महिना टिपूस नाही. नवी माती ती. पाट बसायला चांगली तीन वर्षं गेली."

"मग पाटावर देवी कोपली म्हणालास का?"

"पाटावर कसला कोप?" झिपरू म्हणाला, आणि त्याने वेणूकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "पोरीचं अंगही नवंच की, माय."

"आत्ता कसं बोललास! धुरपता, नेम मोड आणि पोरीला पोटभर भाकर घाल. उपाशी अंगाला कुठली पाळी येते? आणि वेणू, फार महिने लांबलं, फार जायला लागलं, तर मला येऊन सांगायचं. लाजायचं नाही."

धुरपता तिथेच लेकीला कवटाळून रडली म्हणे. चावडीशेजारच्या घरातून कुणीतरी भाकरी आणि पिठलं आणलं. वेणूने सगळ्या गावादेखत तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागताना तिला हसू फुटलं. मरणार नव्हती ती! केवढा धोंडा उतरला असेल छातीवरचा.

झिपरूला मात्र भरचावडीत पोरीचं उघडं केल्याचं लागलं. त्याने पाटाच्या शेवटचा आपला वाफा वेणूला दिला आणि म्हणाला, "याला पाळी नाही. तुला वाटेल तेव्हा पाणी घे. मी विचारणार नाही." पुढे दोन वर्षं वेणूची पाळी कधी मागे, कधी पुढे झाली, आणि मग आपसूक मार्गी लागली.

आजही न्हाण आलेली पोर इथे येऊन आपल्या हाताने पाणी घेते. कुणी मेथी लावते, कुणी नुसते पाय भिजवते. महिन्यातून एकदा दवाखान्याच्या नर्सबाई येतात, त्याही गेंदामायसारखंच सांगतात, आणि तीन महिन्यांवर गेलं तर दाखवून घ्या म्हणतात. पण आजही उंबरथडीत पोरीची पाळी 'चुकली' असं कुणी म्हणत नाही. शेजारणीने विचारलंच, तर माय सांगते, "पाट बसतोय अजून." आणि पोर ताट पुढे ओढून जेवू लागते.