कुंपणापलीकडचा भोपळा

गोदाकाठच्या एका गावात शद्रख नावाचा एक ख्रिस्ती शेतकरी होता. माणूस मनाने चांगला, पण त्याच्या वांग्यांना दरवर्षी कीड लागायची.

त्या गावात एक रीत होती. सुगी झाली की एका रविवारी प्रत्येकाने आपल्या रानातले उत्तम फळ चर्चमध्ये आणायचे, ते वेदीपुढे ठेवायचे आणि "हे माझ्या रानातलं," असे सर्वांसमक्ष सांगायचे. मग त्याचीच भाजी रांधून सगळी मंडळी एका पंगतीत जेवत. शद्रख आपली चार किडकी वांगी ठेवी. पाळकसाहेब ती हसतमुखाने घेत, पण मागच्या बाकांवर खसखस पिके. शद्रखला ते फार लागे.

त्याच्या शेजारी हन्नाबाई नावाची विधवा म्हातारी एकटीच राहत असे. एका वर्षी तिच्या परसातला भोपळ्याचा वेल कुंपण ओलांडून शद्रखच्या रानात आला आणि तिथे त्याला एक भोपळा धरला. बघता बघता तो घागरीएवढा झाला. शद्रखने त्याच्याखाली पेंढा घातला आणि वर पाने झाकली. पाने ऊन लागू नये म्हणून झाकली, असे तो स्वतःला सांगे.

सुगीच्या रविवारच्या आदल्या दिवशी तो विळा घेऊन भोपळ्यापाशी गेला. 'देवालाच तर द्यायचाय,' तो मनात म्हणाला, 'मग चोरी कसली?' सैतान काही दर वेळी शिंगे लावून येत नाही. त्या दिवशी तो काखेत गीतांचे पुस्तक मारून आला होता.

शद्रखने देठ कापला. वेल हलला तशी पलीकडून हाक आली, "कोण आहे रे तिकडं?"

"शेळी होती, मावशी! हाकलली मी!" शद्रख बोलून गेला.

रविवारी सकाळी अंगात धुतलेला सदरा, खिशात नेहमीची वांगी आणि डोक्यावर भोपळा, अशा थाटात तो निघाला. वाटेत हन्नाबाईचे घर लागले. म्हातारी पांढरे लुगडे नेसून उंबऱ्यावर बसली होती. शेजारी रिकामी टोपली होती.

"मावशी, घंटा झाली. येत नाही?"

"काय घेऊन येऊ, बाबा?" ती मान वर न करताच म्हणाली. "अख्ख्या वेलाला एकच फळ धरलं होतं. ते काल तुझ्या शेळीनं नेलं. चाळीस वर्षांत देवापुढं रिकाम्या हातानं गेले नाही मी."

शद्रखचे पाय जागच्या जागी थांबले. पुढे सरळ चर्चची वाट होती. शेळी काही साक्ष द्यायला येणार नव्हती. आज सगळी मंडळी वाहवा करणार होती, आणि भोपळा परत दिला तर पुन्हा तीच वांगी आणि तेच हसू. दुसरी घंटा झाली. शद्रखने डोक्यावरचा भोपळा उतरवला आणि म्हातारीच्या टोपलीत ठेवला.

"मावशी, शेळी नव्हती. मी होतो. चुकलो मी, मला क्षमा करा."

हन्नाबाईने देठावरून बोट फिरवले. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "शेळी देठ असा सरळ कापत नाही. आता उचल टोपली. माझ्याच्यानं हे ओझं पेलवायचं नाही."

चर्चमध्ये शद्रखने आधी आपली वांगी वेदीपुढे ठेवली. "ही माझ्या रानातली," तो म्हणाला. मागे खसखस पिकली, पण या खेपेस तोही हसला. मग त्याने भोपळा ठेवला आणि तो बाजूला झाला.

हन्नाबाई पुढे आली. "हा माझ्या वेलाचा," ती म्हणाली. "पण याच्याखाली पेंढा शद्रखनं घातला, नाहीतर तो तिथंच कुजला असता."

दुपारी पंगत बसली. भोपळ्याची भाजी सगळ्यांना पुरून उरली. शद्रखने ती दोनदा मागून घेतली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला सुगीचे जेवण गोड लागले.

तात्पर्य: वाईट काम देवाच्या नावाने केले म्हणून चांगले होत नाही, चोरलेल्या भोपळ्यापेक्षा आपली किडकी वांगी देवाला प्रिय असतात.