दीड इंच उंची

एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या शाळेत, खेळाचे एक सर होते. आडनाव वाघचौरे, उंची सव्वासहा फूट. वर्गात शिरताना ते मान वाकवत, आणि वाकवायला विसरले की दिवसभर कपाळावर टेंगूळ मिरवत. कॉलेजात ते बास्केटबॉल खेळत. त्यांच्या संघाची चाल एकच होती. वाघचौरे बास्केटजवळ जाऊन उभे राहायचे, बाकीचे चौघे बॉल उंच टाकून त्यांच्याच हाती द्यायचे, आणि ते हात वर करून बॉल आत सोडायचे. या एका चालीवर त्यांनी तीन चषक जिंकले होते. जगात दुसरी चाल असू शकते हे त्यांना मान्यच नव्हते.

आता शाळेतल्या मुली बघा. तेरा-चौदा वर्षांच्या, आसपासच्या वस्त्यांवरून मैल-दोन मैल चालत येणाऱ्या. पायाने चपळ, अंगाने काटक आणि उंचीने बेताच्या. रुबीना नावाची सर्वांत लहानखुरी मुलगी बॉल इतका खाली आपटत पळायची की समोरचीला तो सापडायचाच नाही. सर्वांत उंच होती निशिगंधा, आणि ती पाच फूट एक इंच होती. हे बघून कोणत्याही शहाण्या माणसाने आपली जुनी चाल गुंडाळून माळ्यावर टाकली असती. सरांनी काय केले? त्यांनी निशिगंधाला बास्केटजवळ उभे केले.

"सगळ्यांनी बॉल हिलाच द्यायचा," ते म्हणाले. "पळापळ करायची नाही. चाल मोडायची नाही."

रुबीना मोकळी जागा बघून आत घुसली की सरांची शिट्टी वाजायची. एकदा तर तिने तिघींना चुकवून बॉल बास्केटमध्ये टाकला आणि वर ओरडा खाल्ला. "बॉल आत गेला म्हणून काय झालं? यात चाल कुठं होती?" असे सर खरोखरच म्हणाले. मी हे ऐकले तेव्हा मला पुन्हा विचारून घ्यावे लागले. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते याला.

पहिल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत शाळा पहिल्याच सामन्यात हरली. अडतीस विरुद्ध चार. गावाने तोंडात बोटे घातली. सरांनी मात्र लगेच दोष शोधून काढला. चाल बरोबर होती, उंची कमी पडली. मग त्यांनी निशिगंधाला रोज पंधरा मिनिटे मैदानावरच्या लोखंडी दांडीला लोंबकळायला लावले. तिच्या आईला बोलावून रोज दोन अंडी द्यायला सांगितले.

आई शेतातून तशीच आली होती. तिने सरांकडे मान वर करून पाहिले. "सर, हिचा बा बी एवढाच हाय," ती म्हणाली. "लोंबकळून पोरगी वाढती व्हय?"

सर हसले. त्यांना वाटले, बाईला खेळातले काय कळते.

पुढच्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावले. "यंदाही पहिल्याच सामन्यात हरलात तर संघ बंद," त्या म्हणाल्या. "त्या तासाला मुली शिष्यवृत्तीचा अभ्यास करतील." सरांनी हे जसेच्या तसे मुलींना सांगितले. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण निशिगंधाकडे बोट करून ते पुढे म्हणाले, "संघ राहतो की जातो, ते आता हिच्या उंचीवर आहे." चौदा वर्षांच्या मुलीला कोणी असे बोलते का? पण सर बोलले. निशिगंधा निमूटपणे दांडीला जाऊन लटकली.

नागपंचमीनंतर एक नवल घडले. सरांनी खेळाच्या तासाला, बुटांसकटच, भिंतीवर खूण करून निशिगंधाची उंची मोजली, तर ती दीड इंच वाढली होती. सरांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी ही बातमी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, शिपायाला सांगितली, चहावाल्यालाही सांगितली. पोरगी हल्ली जरा लंगडत चालते, हे तेवढे कोणाच्या लक्षात आले नाही.

गणपती झाले आणि सामन्याचा दिवस आला. समोर तालुक्यातल्या मोठ्या शाळेचा संघ होता, एकेक मुलगी साडेपाच फुटांची. मोठ्या बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. सामना सुरू झाला. आमच्या मुलींनी चाल पाळली. बॉल निशिगंधाकडे जायचा, दोन उंच मुली तिच्यापुढे भिंतीसारख्या उभ्या राहायच्या आणि तो हातातून काढून घ्यायच्या. पुन्हा बॉल निशिगंधाकडे, पुन्हा तेच. मध्यंतराला मिनिट उरले तेव्हा गुण होते वीस विरुद्ध दोन. शेवटच्या बॉलसाठी निशिगंधाने जीव खाऊन उडी मारली. खाली येताना तिचा पाय मुरगळला आणि ती मैदानातच बसली.

सर धावत गेले. गुडघे टेकून त्यांनी तिचा बूट ओढून काढला. बुटातून रबराचा एक तुकडा बाहेर पडला. मग दुसरा. जुनी हवाई चप्पल टाचेच्या आकारात कापून एकावर एक ठेवलेली होती. मोजा टाचेपाशी रक्ताने चिकटला होता. सरांनी दुसरा बूट काढला. त्यातही तेच.

सर ते तुकडे हातात घेऊन बघत राहिले. पंच काही विचारत होते, ते त्यांना ऐकूही आले नाही.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"त्यानं दीड इंच वाढतं, सर."

"कधीपासून घालतेस?"

"नागपंचमीपासून."

सरांनी बाकीच्या मुलींकडे पाहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना ठाऊक होते.

"अगं, मला सांगायचं नाहीस का?"

निशिगंधाने डोळे पुसले. "तुम्ही म्हणालात चाल बरोबर आहे," ती म्हणाली. "मग चुकत मीच असणार ना, सर?"

या वाक्याने सरांना जो धक्का बसला, तसा तीन चषक हरून बसला नसता. आजवर त्यांना असे कोणी विचारले नव्हते. त्यांनी तिची टाच स्वतःच्या हाताने धुतली, पट्टी बांधली आणि तिला बाकावर बसवले. मग मध्यंतरात ते मुलींच्या घोळक्यात मांडी घालून बसले.

"मी नसतो तेव्हा तुम्ही कशा खेळता?" त्यांनी विचारले.

रुबीना म्हणाली, "पळून खेळतो, सर. बॉल दिला की थांबायचं नाही. देऊन पुढं पळायचं, मोकळं व्हायचं, की परत मिळतो."

"तसंच खेळा," सर म्हणाले. "बास्केटजवळ कोणी उभं राहायचं नाही."

उत्तरार्धात समोरच्या उंच मुली चक्रावूनच गेल्या. त्या एकीला अडवायला वळायच्या तोवर बॉल दुसरीकडे गेलेला असायचा, आणि पहिली त्यांच्या पाठीमागून पुढे निघालेली असायची. मुलींनी बावीस गुण केले आणि नऊ दिले. तरी सामना हातचा गेला. एकोणतीस विरुद्ध चोवीस.

सामना संपताच सर स्वतःहून मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. रबराचे ते तुकडे त्यांनी बाईंच्या हातात ठेवले आणि काय घडले ते सगळे सांगितले. "पूर्वार्ध मी हरलो, उत्तरार्ध मुली जिंकल्या," सर म्हणाले. "बंद करायचं असेल तर मला करा, बाई. संघाला नको." बाईंनी ते तुकडे उलटून पाहिले. मग त्यांनी एक वर्ष दिले, संघालाही आणि सरांनाही.

तीन आठवड्यांनी टाच भरून आली आणि निशिगंधा मैदानावर परतली. पायात साधे बूट होते. ती सवयीने बास्केटकडे निघाली, मध्येच थबकली आणि तिने विचारले, "सर, मी कुठं उभी राहू?"

"उभी राहूच नकोस," सर म्हणाले. "पळ."

तात्पर्य: चाल खेळणाऱ्यांना बघून ठरवावी. आपल्या मापाची चाल लेकरांवर लादली, तर चूक आपली असते आणि टाचा त्यांच्या सोलून निघतात.