तात्यांनी राखलेली जागा

एकदा एका गावात असा वाद पेटला, की लग्नाचे कपडे न्यायला आलेली माणसे तशीच परत जाऊ लागली. गजाभाऊ शिंप्याचे दुकान म्हणजे हनुमान कबड्डी संघाच्या भक्तांचे पीठच. उपांत्य फेरीत कोण जाणार, याचे गणित गजाभाऊ चक्क गिऱ्हाइकाच्या विजारीच्या कापडावर खडूने मांडीत होता.

“कारखान्याच्या संघाला हरवलं की आपण आत. हरलो की घरी. सरळ हिशेब आहे,” तो म्हणाला.

“हरवणार कसं? त्यांच्याकडं चढाईला निवृत्ती आहे!” एक गिऱ्हाईक म्हणाले.

निवृत्तीचे नाव निघाले आणि सगळ्यांची तोंडे कडू झाली. निवृत्ती याच गावचा. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात नोकरी लागली आणि तो त्यांच्या संघातून खेळू लागला. “ज्या मातीनं मोठा केला, तिलाच विसरला,” असे म्हणून लोकांनी ठरवून टाकले, की तो चढाईला आला की सगळ्यांनी पाठ फिरवायची. सर्वांत मोठ्याने हो म्हणाला तो संघाचाच गडी भैरू. पकड करताना दोन गडी हातात हात गुंफून साखळी धरतात. लहानपणापासून भैरूच्या साखळीतला हात निवृत्तीचाच होता. आता शेजारी दुसरा गडी उभा राही, चांगला खेळे, पण भैरूला तो हात परका वाटे. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. राग तेवढा मात्र तो रोज बोलून दाखवी.

सामन्याच्या दिवशी संघाचे वृद्ध वस्ताद, ज्यांना सारे तात्या म्हणत, त्यांनी एक अजब गोष्ट केली. बाद झालेल्या गड्यांनी बसायची सतरंजी मैदानाच्या कडेला अंथरली होती. तिच्यावर तात्यांनी खांद्यावरचे पांढरे उपरणे नीट घडी करून ठेवले आणि बजावले, “इथं कुणी टेकायचं नाही. ही जागा राखलेली आहे.” कुणी म्हणाले, आमदार येणार असतील. कुणी म्हणाले, म्हातारपण, दुसरे काय!

सामना रंगला. निवृत्ती चढाईला आला तशी मंडळींनी ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली. पण पाठ फिरवली की सामना दिसेना! मग एकेक जण मान वळवून चोरून बघू लागला. गजाभाऊची मान तर लचकलीच.

भैरूला मात्र समोर निवृत्ती दिसला आणि त्याचे मस्तक फिरले. साखळीतला जोडीदाराचा हात झटकून तो एकटाच अंगावर धावला. निवृत्ती अलगद बाजूला झाला, भैरूच्या खांद्याला टिचकी मारली आणि मध्यरेषेपलीकडे पोहोचलासुद्धा. भैरू बाद झाला. धुसफुसत येऊन तो उपरण्याशेजारी बसला.

“तात्या, कोण बडा पाहुणा यायचाय इथं?”

“पाहुणा नव्हे रे. आपलाच गडी आहे. बाद झालाय.”

“बाद तर मी एकटाच आहे!”

“तुझ्याआधीचा एक आहे. दोन वर्षं झाली.”

भैरूला उमगले. तो फणकारला, “तो आपणहून गेला! मला एका शब्दानं न सांगता गेला!”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?”

भैरू सतरंजीचा एक सुटा दोरा उपटू लागला.

तात्या शांतपणे म्हणाले, “आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरा कमावता नाही. पोटासाठी गेला पोरगा. आता आपल्या खेळाचा धर्म बघ. बाद झालेल्याच्या नावानं आपण बोटं मोडत नाही. तो इथं मैदानाकडं डोळे लावून बसतो, आणि केवढाही बलवान असो, स्वतःच्या बळावर उठत नाही. आत उरलेल्या आपल्यापैकी कुणीतरी गुण मिळवला, की मगच तो जिवंत होतो. तुम्ही निवृत्तीला बाद केलंत, आणि उठायचं कामही त्याच्यावरच टाकलंत. हा कुठला नियम?”

इतक्यात हनुमान संघाने गुण घेतला. “ऊठ, जिवंत झालास,” तात्या त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आता दुसऱ्याला उठव.”

खेळ अखेरीस आला तेव्हा गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई निवृत्तीची होती. आता पाठ फिरवायचे भान कुणाला! भैरूने जोडीदाराचा हात घट्ट धरला. त्याच्या मनात राग नव्हता, म्हणून डोळ्यांना नीट दिसत होते. निवृत्ती उजवीकडे झुकून डावीकडे उसळणार, हे त्याच्याइतके जगात कुणाला ठाऊक होते? निवृत्ती उसळला आणि साखळी त्याच्याभोवती मिटली. तिघेही धुळीत पडले. शिट्टी झाली. हनुमान संघ जिंकला!

गाव नाचू लागले. पंच म्हणाले, “सोड रे, सामना संपला.” भैरूने निवृत्तीचे मनगट सोडले नाही.

“सोड की भैऱ्या,” निवृत्ती धापा टाकत म्हणाला.

“मागच्या वेळी सुटलास. आता नाही सोडत.”

तसाच हाताला धरून त्याने त्याला सतरंजीपाशी नेले. तात्यांनी उपरणे उचलून निवृत्तीच्या गळ्यात घातले आणि जागा दाखवली. तो बसला, आणि एवढा दांडगा गडी उपरण्यात तोंड खुपसून रडला.

“वा तात्या, हरवून बसवता होय?” थोड्या वेळाने डोळे पुसत तो म्हणाला.

“खेळ तू कारखान्याकडूनच,” भैरू म्हणाला, “पण आईला बघायला गावात येशील तेव्हा माझ्या दारावरून पुढं गेलास, तर तंगडी धरून आत ओढीन.”

लचकलेली मान सावरत गजाभाऊने सर्वांत आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळे गाव त्यात मिसळले.

आपल्याही सतरंजीवर कुणीतरी आपल्या एका गुणाची वाट पाहत बसलेले असते.