सगळ्यांचे हात वर

"प्रत्येक म्हणजे किती जण रे, प्रल्हाद?"

सावळेराम गुरुजींनी कागद अगदी नाकाशी धरला होता. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर. वाचायला वेळ लागत होता आणि इकडे प्रल्हाद सरांना एकेक मिनिट जड जात होतं.

"म्हणजे... सगळे, गुरुजी."

"सगळे म्हणजे किती?"

"वर्गातली सगळी मुलं हो! फॉर्मची भाषा आहे ती. तुम्ही 'होय'वर खूण करायची आणि खाली सही ठोकायची, बस."

गुरुजींनी शब्दाखाली बोट ठेवून पुन्हा मोठ्यानं वाचलं.

"'उमेदवाराच्या वर्गातील प्रत्येक मूल शिकते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' ...प्रत्यक्ष. आणि मी तर तुझ्या वर्गात कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

प्रल्हाद सर हसले. याचीही सोय त्यांनी करून आणली होती. तयारीत कमी पडेल तो प्रल्हाद सर कसला!

प्रल्हाद सर म्हणजे कोण, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. 'प्रगत अध्यापक' असं प्रमाणपत्र मिळवणारा तालुक्यातला पहिला मास्तर. पाच वर्षांपूर्वी मिळालं, तेव्हापासून घराच्या दारावर पाटी तीच, लोकांच्या लग्नपत्रिकांत नावापुढे पदवी तीच. दर शनिवारी दुपारी बाकीचे मास्तर आणि बाई त्यांच्यापुढे वह्या उघडून बसत आणि सर त्यांना प्रगत कसं व्हायचं ते सांगत.

पण त्या प्रमाणपत्राला मुदत होती. पाच वर्षं झाली की ते पुन्हा मिळवायचं. त्यासाठी एक फाइल, न कापलेलं एका तासिकेचं चित्रीकरण आणि ज्यानं आपल्याला लहानपणी शिकवलं अशा एका शिक्षकाची शिफारस. फाइल झाली होती, चित्रीकरण झालं होतं, फक्त सही राहिली होती आणि सोमवार शेवटचा दिवस. चुकलं तर यादीतून नाव खाली. मग शनिवारी त्यांच्यापुढे कोण बसणार? आणि बसले नाहीत तर एकमेकांत काय बोलणार? त्या नुसत्या विचारानं सरांचा जीव अर्धा झाला होता.

म्हणून रविवारी दुपारी ते डोंगराखालच्या आपल्या वाडीत आले होते. किती वर्षांनी आले, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

गुरुजी ओट्यावर खुरासणी पाखडत बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परगावी. प्रल्हादला बघून म्हातारा सुपासकट उठायला निघाला होता, इतका आनंद झाला त्याला. मग प्रल्हादनं पिशवीतून फॉर्म काढला आणि गुरुजी परत खाली बसले.

"हे बघा," सरांनी मोबाइल पुढे केला. "पाचवीचा वर्ग. अपूर्णांक. अर्धा तास, एकदाही न थांबवता घेतलाय. आता झालं की नाही प्रत्यक्ष?"

गुरुजींनी हात धोतराला पुसले, मोबाइल घेतला आणि चांगल्या डोळ्याजवळ नेला.

मोबाइलमधले प्रल्हाद सर भाकरीचे चार तुकडे करत होते. प्रश्न विचारला की एकोणीसच्या एकोणीस हात वर. ज्याला उठवावं त्याचं उत्तर बरोबर. सरांनी शाबासकी द्यावी, पोरांनी टाळ्या वाजवाव्यात. कुठं खोट काढायला जागा नाही.

तासिका संपली.

"कशी वाटली?"

"पुन्हा लाव."

सरांनी पुन्हा लावली. छाती जरा फुगलीच त्यांची. आपल्या गुरुजींना आपली तासिका दोनदा बघावीशी वाटते, म्हणजे काय कमी झालं!

"पुन्हा."

आता मात्र सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्या वेळी गुरुजींनी मधेच बोट टेकवलं. चित्र थांबलं.

"ही कोण?"

शेवटची रांग, खिडकीजवळ. एक किडकिडीत मुलगी, हात वर करून बसलेली.

"ही... थांबा हं. सुनंदा. नाही, सुनंदा पुढे बसते. ही... शोभा असेल बहुतेक."

"बहुतेक."

"गुरुजी, तालुक्याची कामं असतात मागे. शनिवारचे वर्ग असतात..."

"हा पुढचा कोण?"

"तो समर्थ."

"त्याच्या शेजारी?"

"आर्या. पलीकडे ऋषिकेश. हुशार आहे हं, नवोदयला बसवणार आहे त्याला."

ही नावं कशी फटाफट आली. सरांची ती सरांनाच ऐकू आली.

"या मुलीनं कुठला हात वर केलाय, प्रल्हाद?"

"मोबाइलमध्ये कधी कधी उलटं दिसतं, गुरुजी."

"मग फळ्यावरची अक्षरंही उलटी दिसली असती."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मास्तरकी न केलेल्या माणसाला हे डाव्या-उजव्याचं प्रकरण समजायचं नाही. तर ऐका. वर्ग बघायला साहेब येणार असले, की आदल्या दिवशी पोरांना पढवून ठेवायचं. प्रश्न कुठलाही असो, हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मास्तर उठवणार फक्त उजव्यांना. साहेबाला दिसतात नुसते हात. त्याला वाटतं, काय वर्ग आहे! अशा युक्तीवर कितीक शेरे मिळाले असतील, देव जाणे.

"डावा," सर शेवटी म्हणाले.

"आणि उजव्या हातानं काय करतेय ती?"

सरांनी मोबाइल हातात घेतला. ही तासिका त्यांनी स्वतः दहा-बारा वेळा तरी बघितली होती. आवाज बघितला, उजेड बघितला, आपला शर्ट कसा दिसतो ते बघितलं. ती मुलगी बघितली नव्हती.

तिनं उजव्या हातानं आपल्या डाव्या हाताचं कोपर धरून ठेवलं होतं. वर धरून धरून हात भरून आला होता. खाली घ्यायची तर परवानगी नव्हती. म्हणून तिनं एका हाताला दुसऱ्याचा टेकू दिला होता आणि डोळे सरांवर ठेवले होते. तसल्या अवस्थेतही पोर त्यांच्याकडे बघून हसत होती.



"असे सहा हात आहेत," गुरुजी म्हणाले. "तिन्ही वेळा मोजले."

आणि मग सर उसळले. चूक पकडली गेली की माणूस उसळतोच.

"मला काय सांगता, गुरुजी? ही युक्ती मी कुठं शिकलो? याच वाडीत! तुमच्या शाळेत! साहेबांची जीप खिंडीत दिसली की तुम्हीच ओरडायचात, 'डावे-उजवे लक्षात आहे ना रे?' तुम्ही केलं ते चाललं. तुम्हाला जिल्ह्याचा मान मिळाला, शाल मिळाली, गावानं मिरवणूक काढली. आणि मी केलं तर..."

"हो," गुरुजी म्हणाले.

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं 'हो' म्हटलं, की पुढे काय बोलायचं?

"मीच शिकवलं. तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातलं हे एवढंच तुझ्या लक्षात राहिलं?"

"तसं नाही, गुरुजी..."

"तसंच आहे."

आभाळ गच्च भरलेलं होतं, भर दुपारी ओट्यावर अंधारून आलं होतं. गुरुजी सुपातले खडे बोटानं उगीच इकडचे तिकडे करत होते.

"पहिल्यांदा असं नव्हतं केलं मी," सर हळूच म्हणाले. आता आवाजातला ताठा गेला होता. "पाच वर्षांपूर्वी खरंच शिकवलं होतं, शपथेवर सांगतो. तेव्हा चित्रीकरणात चार पोरांची उत्तरं चुकली होती, तशीच ठेवून पाठवली. वर्षभर त्या पोरांबरोबर जमिनीवर बसत होतो. रात्री झोपेतसुद्धा त्यांचीच नावं यायची तोंडात."

"मग आता?"



"तेव्हा मिळवायचं होतं, गुरुजी. आता... जाऊ द्यायचं नव्हतं."

गुरुजींनी मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि तेच सरांना जास्त लागलं.

"येताना बायजाला भेटलास?"

सर दचकले. बायजा म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. नवरा गेल्यावर परत वाडीत आलेली, वरच्या अंगाला एकटी राहते. तिच्या दारावरूनच त्यांची गाडी आली होती.

"आक्काला... नाही. घाईत होतो. जाताना जाईन."

"शाळेत कुठं बसायची ती, आठवतं?"

"माझ्या शेजारी. चारी वर्ग एकाच खोलीत होते. मी रडायचो म्हणून तिला माझ्याजवळ बसवायचात तुम्ही."

"साहेब आले की तू कुठला हात वर करायचास?"

"उजवा." ते सरांनी नकळत जरा जोरात सांगितलं. चाळीस वर्षांनीसुद्धा.

"आणि बायजा?"

सर सुपाकडे बघत राहिले. उत्तर त्यांना येत होतं. त्या खोलीतला शेणाच्या सारवणाचा वास, खिंडीतल्या जीपचा आवाज, आणि डाव्या अंगाला आक्काचा फाटक्या बाहीचा हात. दर वेळी तोच. आपण उठून उत्तर दिलं की टाळ्या पहिल्यांदा वाजवायची तीच. आपल्याला किती बरं वाटायचं! ती का उठत नाही, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

"डावा," ते म्हणाले.

"चार वर्षं," गुरुजी म्हणाले. "चार वर्षांत मी तिला एकदाही उठवलं नाही. साहेब नसतानाही नाही. सवय झाली होती ना, कुठल्या हाताकडे बघायचं त्याची. मग ती शेरडं राखायला गेली, आणि ती राखत होती म्हणून तुझी शाळा चालू राहिली."

सरांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. गुरुजी सांगतच होते.

"गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली. हजेरीची वही फिरत होती. बायका सह्या करत होत्या. वही बायजापुढे आली. समोर मी बसलेलो. तिनं माझ्याकडे बघितलं, पदराला बोट पुसलं आणि शाईत अंगठा बुडवला. वर मलाच म्हणते कशी, 'मी ढच होते, नाही का गुरुजी?'"

म्हाताऱ्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. त्यानं पुसलं नाही.

खिंडीकडून गार वारा सुटला. फॉर्म उडायला लागला, तसा सरांनीच पटकन हात ठेवून तो धरला. इतकं सगळं झाल्यावरही हात बरोबर कागदावरच गेला त्यांचा, आणि ते त्यांना स्वतःलाच दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण सोमवार तर टळत नव्हता. शनिवारची माणसं डोळ्यांपुढे येत होती. दारावरची पाटी येत होती. खोटं कशाला बोला, अजून त्यांना ती सही हवीच होती. आणि हवी आहे याची लाजही तेवढीच वाटत होती.

"गुरुजी," ते खाली मान घालून म्हणाले, "सोमवारी फाइल गेली नाही तर सगळं संपतं माझं. मी त्या सहा पोरांना शिकवीन. आजपासून शिकवीन. तुमच्या पायावर हात ठेवून सांगतो. पण एवढी सही..."

त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

गुरुजींनी पेन घेतलं. फॉर्म मांडीवर ठेवला, सुरकुती सरळ केली. जिथं सही करायची त्या रेघेवर पेनाचं टोक नेलं.



टोक तिथंच राहिलं. एक थेंब शाई कागदावर उतरली आणि पसरली.

मग गुरुजींनी टोपण लावलं. कागदाची नीट घडी केली. कागद आणि पेन प्रल्हादच्या हातात दिलं आणि त्याची बोटं आपल्या हातांनी त्यावर मिटवली, लहान पोराला पाटीवर पेन्सिल धरायला शिकवतात तशी.

"इथं बायजाची सही आण," ते म्हणाले. "अंगठा चालायचा नाही."