निंबाई जुनं का नेसते

घटस्थापनेला गावोगावच्या देव्या नवं लुगडं नेसतात. आमची निंबाई त्या दिवशी जुनंच नेसते, तेही रफू केलेलं. पाहुणे फोटो काढतात आणि हळूच विचारतात, गावाला एक लुगडं परवडत नाही का? राग येतो, पण सांगतो. बसा या पारावर.

फार मागं इथं पटकीची साथ आली होती, म्हणे. गावानं नवस बोलला, घटस्थापनेला तुला नवं नेसवू, पण साथ आवर. देवीचं लुगडं विणायचा मान चाँदसाहेब मोमीनच्या घराचा. तो नमाजाआधी करतात तसं हातपाय धुऊन वजू केल्याशिवाय त्या मागावर बसत नसे, असं सांगतात.

आदल्या दिवशी दुपारी लुगडं मागावरून उतरलं. कोरं, पांढरं, रंगाऱ्याकडे जायचं तेवढं राहिलं होतं. त्याच दुपारी चाँदसाहेबाची धाकटी लेक जैनब पटकीनं गेली. गावातलं कापड आधीच्या मयतांना संपलेलं, साथीमुळे बाजाराची वाटही बंद. पोरीला कफन मिळेना. शेजारी लुगड्याची घडी होती, पण बाप त्या घडीला हात लावेना.

"ते देवीचं हाय. पोरीला तिच्या ओढणीतच नेतो," एवढंच तो म्हणाला.

लुगडं न्यायला देवीची पुजारीण काळूबाई गुरवीण आली होती. तिनं पोरीकडे पाहिलं आणि कात्री मागितली. बरोबर आलेले पाटील आडवे झाले.

"काळूबाई, नवस मोडू नका. माझा एकच नातू उरलाय, त्यालाबी कालपासून जुलाब लागलेत."

"पाटील, आई हाय ती. लेकरू उघडं चाललं असताना आई नवं नेसंल व्हय?"

आणि तिनं लुगडं कापलं.  पाटलांनी पायताण काढून जनाज्याला खांदा दिला.

सकाळी देवीला गेल्या सालचंच लुगडं नेसवायचं ठरलं. त्याचा पदर फाटला होता. चाँदसाहेब सुई-दोरा घेऊन आला, देवळाच्या पायरीवर बसला आणि डोळे पुसत पुसत त्यानं तो रफू केला. त्यानंतर साथ ओसरली म्हणतात. देवीनं आवरली की हवा पालटली, मला ठाऊक नाही. पाटलांचा नातू मात्र जगला. आमचं घर त्याच्याच वंशाचं.

गावातले माग आता थांबले. मोमीनांची पोरं मालेगावला यंत्रमागावर असतात. पण आजही घटस्थापनेला त्यांच्यातलं कुणीतरी सुई घेऊन येतं आणि निंबाईच्या जुन्या लुगड्याला टाका घालतं. नवं येतं ते दुसऱ्या माळेला. नेसवण्याआधी गुरवीण त्याचा हातभर तुकडा कापते आणि कब्रस्तानात जाऊन जैनबच्या लहानशा कबरीवर पांघरते. दसऱ्यापर्यंत आमची देवी मग हातभर आखूडच नेसते.