मृणालिनीताईच्या डोळ्यांतले पाणी

आधीच सांगतो, माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. शब्दही साधेच आहेत, कारण मोठे शब्द शिकण्याआधीच मी गुरुगृह सोडले. वाचणाऱ्यांनी राग मानू नये. जे घडले ते खरे आहे, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो, एवढेच माझ्याजवळ आहे.

एका राज्यात सारे लिहिणे पद्यात होत असे. ते राज्य माझ्या वडिलांचे, महाराज भद्रसेनांचे. राजाज्ञा ओवीत, वैद्याचा काढा श्लोकात, सीमेवरच्या दगडांवरही दोन-दोन चरण कोरलेले. याला कारण होते. आमच्या भूमीत तालात बांधलेला शब्द खरा होई. कवी म्हणे, 'मेघ येवो', आणि मेघ येई. गद्य होते ते चुलीपाशी आणि बाजारात. ते कुणी लिहीत नसे.

मला पद्य जमत नसे. गुरुजी मात्रा मोजायला सांगत आणि माझी बोटे संपून जात. एके दिवशी ते म्हणाले, "सुहोत्रा, तुझी ओळ म्हणजे लंगडा बैल. तू घरी जा. गाई तरी सांभाळ." मी घरी आलो. कुणी काही बोलले नाही. राजवाड्यात न बोलणे हेच मोठे बोलणे असते.

फक्त माझी थोरली बहीण मृणालिनीताई म्हणाली, "बरे झाले आलास. या वाड्यात मला 'भूक लागली' असे सरळ सांगणारे कुणीच नव्हते."

त्या वर्षी आमची आई गेली. ताई महिनोन् महिने रडली. वडील थकले होते आणि गादी ताईकडे जायची होती, म्हणून चैत्रात राज्याभिषेक ठरला. आमच्याकडची रीत अशी की, अभिषेकाचा कलश डोक्यावर रिकामा होत असताना राजकवीने तिथल्या तिथे ओवी रचायची. पाणी संपण्याआधी ओवी पुरी झाली पाहिजे. कविराज पुष्करभट पुढे आले. म्हातारा मायेचा होता. ताईला त्याने अंगाखांद्यावर खेळवले होते. कलश कलंडला आणि त्याने सूर लावला :

सिंहासनी बैसे राणी ।
प्रजा गाई तिची गाणी ।
डोळां न ये कधी पाणी ।
चंद्रसूर्य असेतो ॥

लोकांनी 'वाहवा' केली. आता पोरीने रडू नये, एवढेच त्याच्या मनात होते. आणि 'राणी', 'गाणी' झाल्यावर 'पाणी' आपल्या पायाने चालत येते. चौथा चरण तर निव्वळ जागा भरायला होता.

पण शब्द खरा झाला. ताईच्या डोळ्यांत पाणी येईना. अश्रू नाही, आणि साधी ओलही नाही. संध्याकाळपर्यंत पापण्या बुबुळांना चिकटल्या. सकाळी तिने विचारले, "दिवा का लावला नाही?" खिडकीतून ऊन येत होते.

वैद्य आले, पाहून म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत ओल आली नाही, तर बुबुळे करपतील. मग पाणी आले तरी दृष्टी येणार नाही."

दरबारचे कवी धावले. एकाने म्हटले, 'नेत्री लोटो सिंधुधारा', तेव्हा दरबारात गुडघाभर खारे पाणी शिरले आणि ताईचे डोळे होते तसेच राहिले. दुसऱ्याने डोळ्यांना कमळे म्हटले. पापण्यांवर उगवलेली कमळे पाकळी पाकळी करून उपटावी लागली आणि ताई वेदनेने ओरडली. त्यानंतर वडिलांनी कवींना मनाई केली. पुष्करभट दाराबाहेर बसून राहिला. येणारेजाणारे त्याला म्हणत, "काय कविराज, आज कुणाला आशीर्वाद?" तो मान वर करीत नसे.

मी गोठ्यामागे जाऊन रडत बसलो. तेथे कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. तांबडे पंख, लाल डोळे. तो म्हणाला, "ऊठ. रडायचे तुझ्या बहिणीने आहे, तू नाही."

"तुम्ही पद्यात बोलत नाही?" मी विचारले.

"घशाला त्रास होतो. ऐक. पद्याची गाठ पद्याने सुटत नाही, वर दुसरी बसते. पश्चिमेच्या डोंगरापलीकडे वज्रटीका नावाची जादूगारीण राहते. तिला तोड ठाऊक आहे. वाटेत खिंड आहे, नदी आहे आणि मग ती स्वतः. तिघांनी आजवर पुष्कळ कवी परत पाठवले."

"मग माझा काय निभाव लागणार?"

"तू कवी आहेस का?"

"नाही."

"मग चल."

आम्ही निघालो. खिंडीत एक राक्षस बसला होता. त्याच्या खांद्यावर कावळा. राक्षस म्हणाला, "तुझ्या घरापासून इथवरची वाट सांग. हा कावळा तुझ्या शब्दांवरून उलटा उडत जाईल. तुझ्या घरची खूण घेऊन आला तर वाट मोकळी. नाही आला तर तू माझा चाकर."

"याआधी कुणी सांगितली?"

"एक कवी आला होता. म्हणाला, 'संध्या जेथे केशर शिंपी, तेथे माझे धाम'. माझा आधीचा कावळा अजून केशर शोधतो आहे."

मी डोळे मिटले आणि आलो तसे आठवत गेलो. म्हणालो, "वाड्याच्या मागच्या दारातून बाहेर पडले की उजव्या हाताला गोठा. गोठ्यापासून पायवाट उतरते ती तेल्याच्या घाण्यापर्यंत. तेथे दोन वाटा फुटतात. रुंद वाट धरू नये, ती स्मशानात जाते. अरुंद वाटेने ओढा ओलांडावा. मग पिंपळाचा पार, त्याची एक बाजू ढासळली आहे. तेथून डोंगर समोर ठेवून चालले की ही खिंड."

कावळा उडाला. उन्हे कलायच्या आत परत आला. चोचीत माझ्या कपिला गाईच्या गळ्यातली घुंगुरमाळ होती. राक्षस हसला नाही, पण बाजूला सरकला. म्हणाला, "ऐकायला रुक्ष होते. पण पोचले."

मी तर फुशारून गेलो. भारद्वाजाला म्हणालो, "पाहिलेत? पद्याला काही अर्थ नाही. नुसती घुंगरे."

"असे का?" तो म्हणाला. "पुढे नदी आहे."

त्या नदीचे नाव विसरणी. पाणी कमरेएवढेच, पण जो उतरेल त्याचे मनातले सारे वाहून जाई. काठावर माणसे बसली होती. धडधाकट, नीटनेटकी, आणि कुठे निघालो होतो ते विसरलेली. एकाने मला विचारले, "तुम्ही मला ओळखता का हो?"

मी पाण्यात उतरलो. मनात नीट वाक्ये लावली होती : माझे नाव सुहोत्र, मी भद्रसेनांचा मुलगा, वज्रटीकेला भेटायचे आहे, पौर्णिमेआधी परतायचे आहे. चार पावले गेलो आणि 'पौर्णिमा' गेली. मग 'वज्रटीका' गेली. मग नाव गेले. शहाणी, सरळ वाक्ये माझ्यासमोर वाळल्या पानांसारखी तरंगत निघाली आणि मला एकही धरता येईना.

आईच्या मांडीवर असताना ती ज्या तालात थोपटायची तेवढा ताल अंगात उरला होता. तो पाण्याला वाहून नेता आला नाही. त्या तालावर मी उरलेसुरले शब्द कसेबसे बांधले आणि ओरडून म्हणू लागलो :

मी ताईचा भाऊ आहे ।
तिचे डोळे कोरडे हे ।
नदी वाहे, पाणी वाहे ।
मी जाणार ॥

दर चरणाला एक पाऊल. शब्द एकमेकांचे हात धरून उभे राहिले, पाण्याने कितीही ओढले तरी. 'नदी वाहे' म्हटल्यावर 'पाणी वाहे' म्हणायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होते. पण तेथे पाय टेकायला जागा हवी होती. कवी जागा का भरतात ते मला त्या धारेत उभा असताना कळले, आणि दाराबाहेर बसलेल्या पुष्करभटावरचा माझा राग तेथेच वाहून गेला. पलीकडच्या काठावर पोचलो तसे नाव परत आले, बाकीचेही आले.

"घुंगरे बरी होती का?" भारद्वाजाने विचारले.

मी कान पकडले.

वज्रटीकेचे घर वेळूच्या बनात होते. अंगणात ती धान्य पाखडत होती. ती वळली आणि मी दचकलो. तिला अर्धाच चेहरा होता. उजवा भाग बाईचा, डावीकडे नुसता अंधार.

"घाबरू नकोस. आज अष्टमी," ती म्हणाली. "तरुणपणी एका कवीने मला चंद्रमुखी म्हटले. मी लाजले. तेव्हापासून माझा चेहरा कलेकलेने घटतो आणि वाढतो. अमावस्येला मला आरशात काहीच दिसत नाही."

"मग पौर्णिमेला तरी..."

"पौर्णिमेला डाग दिसतात. बैस. तुझे काम मला ठाऊक आहे. तिसरी अट अशी. माझा चेहरा जसा आहे तसा सांग. एक शब्द जास्त झाला, तर या बनात एक वेळू वाढेल. हे सारे वेळू एके काळी फार छान बोलत असत."

वाऱ्याने बन कुरकुरले. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणालो, "उजव्या भुवईवर तीळ आहे. भुवई पांढरी झाली आहे. डोळ्याखाली सुरकुत्या आहेत. ओठाचा कोपरा हसल्यासारखा..." मी थांबलो. "नाही. ओठाचा कोपरा वर गेला आहे."

"आणि डावी बाजू?"

उजवीसारखीच डावी असणार, असे जिभेवर आले होते. चुकण्यासारखे त्यात काय होते? पण मी पाहिली नव्हती.

"डावी बाजू मला दिसत नाही," मी म्हणालो. "ती मी सांगणार नाही."

तिने सूप खाली ठेवले. आणि अंधारातून आधी गाल आला, मग डोळा, मग कान. डावी बाजू उजवीसारखी नव्हतीच. गालावर भाजल्याचा जुना व्रण होता. वज्रटीकेने तो व्रण बोटांनी चाचपला आणि लहान पोरीसारखी हसली. "अग बाई, हा आहे की अजून! चुलीवर पडले होते मी."

मग ती म्हणाली, "आता ऐक, राजपुत्रा. पद्याला बळ तालाचे. ते लांब जाते, पाण्यातूनही जाते, पण भरलेली जागाही बरोबर नेते. गद्याला बळ खरेपणाचे. आहे तेवढे म्हणावे आणि संपले की थांबावे. त्यापुढे कुठलाही मंत्र टिकत नाही. थांबणेच अवघड असते. जा."

तिने फुंकर घातली आणि मला वाऱ्यावर बसवून नदीपलीकडे सोडले. तेथून सात दिवसांची पायपीट होती. राक्षसाने वाट दिली. मी वाड्यात शिरलो तेव्हा पौर्णिमेची दुपार होती.

ताई सिंहासनावर बसली होती. डोळ्यांवर ओली पट्टी, आणि पट्टीखाली सारे सुके. मी पुढे झालो तसा मुख्य प्रधान म्हणाला, "धाकटे महाराज, दरबारात गद्य बोलण्याची रीत नाही. ही बाजाराची भाषा."

"बोलू द्या," दारातून आवाज आला. पुष्करभट होता. "माझी भाषा तुम्ही पाहिलीत."

वडिलांनी मान हलवली. मी ताईची पट्टी सोडली. चार माणसांत बोलायचे झाले की माझी मान खाली जाते. पण मी तिच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "ताई, तुझे डोळे कोरडे आहेत. तुला आईची आठवण येते. तुला रडायचे आहे."

आणि थांबलो.

दरबार वाट पाहत राहिला. कुणीतरी कुजबुजले, "चौथा चरण?" प्रधानाने घसा खाकरला. वडील म्हणाले, "बाळ, पुढे?" माझ्या जिभेवर पुष्कळ काही आले. सारे होईल, काळजी करू नकोस, तू बरी होशील. सगळे चांगले शब्द होते. मी तोंड मिटून घेतले.

ताईचा खालचा ओठ हलला. उजव्या पापणीखाली काहीतरी चमकले, मोठे झाले आणि गालावरून घरंगळले. मग दुसरे. पापण्या एकमेकींपासून सुटल्या. ताई हुंदके देऊन रडली, सिंहासनावर, सगळ्यांदेखत, आईसाठी, आणि कुणी तिला 'रडू नको' म्हटले नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"किती वाळलास रे! आणि हा सदरा कुणाचा?"

"माझाच आहे."

"तो आधी टाकून दे."

दरबार हसला. वडील हसता हसता रडत होते. ताईने पुष्करभटाला आत बोलावले आणि आपल्या उजव्या हाताला बसवले. म्हणाली, "कविराज, तुम्ही मायेने म्हणालात, हे मला ठाऊक आहे. सणाला, पाळण्याला, लढाईला जाताना तुम्हीच गा. त्याशिवाय लोकांना लक्षात काय राहणार? पण वैद्याचा काढा, सीमा आणि राजाज्ञा आजपासून गद्यात. ते सुहोत्र लिहील."

"मला ऱ्हस्व-दीर्घ येत नाहीत," मी म्हणालो.

"कविराज शिकवतील," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने माझा हात धरला. त्याच्या बोटांवर मात्रा मोजून मोजून घट्टे पडले होते. "तुम्ही मला थांबायचे शिकवा, धाकटे महाराज," तो म्हणाला, "मी तुम्हाला वेलांट्या शिकवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कागद करणाऱ्या रुद्राप्पाच्या कारखान्यात गेलो. ओवीपुरते अरुंद कागद तो पिढ्यान् पिढ्या कापत आला होता. मी त्याला रुंद कागद मागितले. त्याने ते कापले, मला बसायला घोंगडी दिली आणि मी लिहू लागलो. रुद्राप्पा खांद्यावरून पाहत राहिला. ओळ कडेपाशी आली तसा तो अस्वस्थ झाला.

"धाकटे महाराज, ओळ मोडायची कुठे?"

"कागद संपेल तिथे," मी म्हणालो, आणि खाली दुसरी ओळ सुरू केली.