गव्हाण कुणाची?

एकदा एक विद्वान शिष्य एका बैलाला लाजला. हसू नका. विद्वानांना कशाची लाज वाटेल याचा नेम नसतो, आणि ज्याची वाटायला हवी त्याची मात्र फार उशिरा वाटते.

समुद्राकाठच्या एका ख्रिस्ती गावात एक वृद्ध धर्मगुरू होते. गाव त्यांना नुसते ‘फादर’ म्हणे. त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षण घेणाऱ्या या तरुण शिष्याला सगळे ‘ब्रदर’ म्हणत. त्याची बुद्धी तल्लख होती आणि हे इतरांआधी त्यालाच ठाऊक होते.

त्या गावात नाताळची एक रीत होती. चर्चच्या अंगणात पेंढ्याने शाकारलेला गोठा उभारायचा, आत लाकडी गव्हाण ठेवायची आणि तिच्याशेजारी जिवंत बैल बांधायचा. बैल आणण्याचा मान दरवर्षी एका घराला मिळे आणि गावभर फिरून पुन्हा त्या घरी यायला एक पिढी जाई. नाताळच्या आदल्या संध्याकाळी फादर मातीचे बाळ गव्हाणीत निजवत, घंटा वाजे आणि मगच घरोघरी सण सुरू होई.

त्या वर्षीचा मान बस्त्याव नावाच्या म्हाताऱ्याचा होता. मागच्या खेपेस त्याच्या वडिलांनी दोर धरला होता. पुढच्या खेपेस आपण नसू, हे तो जाणून होता. त्याचा बैलही धन्यासारखाच थकलेला. बरगड्या वर आलेल्या, एक शिंग मुळाशी मोडलेले. पण म्हाताऱ्याने त्याला घासून धुतले, उरलेले शिंग रंगवले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि दुपारीच अंगणात आणून उभा केला.

त्याच संध्याकाळी शहरातून बिशप आणि मोठे पाहुणे येणार होते. शिष्याने त्या मोडक्या शिंगाकडे पाहिले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण असे तोंडावर कसे म्हणावे? त्याने ज्ञान पुढे केले.

“बस्त्यावबाबा, शास्त्रातल्या प्रभुजन्माच्या कथेत बैलाचा उल्लेखच नाही. तो जन्म कोणत्या दिवशी झाला हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीख तीनशेहून अधिक वर्षांनी रुळली. गोठ्याच्या देखाव्यात खरा बैल आणला तो इटलीतल्या एका संन्याशाने, तोही फार नंतर. यंदापासून आपण हे बंद करू.”

“म्हणजे आमचे वाडवडील चुकत होते?” म्हाताऱ्याने विचारले.

“त्यांना माहिती नव्हती, एवढंच.”

बस्त्यावने दोर सोडला आणि निमूटपणे बैल घरी नेला. रिकाम्या जागी शिष्याने कापसाचा बर्फ लावलेले प्लास्टिकचे झाड उभे केले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी अंगण भरले. फादर बाळाला घेऊन गव्हाणीपाशी आले, वाकले आणि थबकले. मग त्यांनी बाळाला आपल्या शालीत गुंडाळून छातीशी धरले आणि ते बाकावर जाऊन बसले. गायकांचे गीत संपले, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरले. बिशपही चकित होऊन पाहू लागले.

शिष्य लगबगीने जवळ आला. “फादर, बाळाला निजवायचं ना?”

“कुठे?”

“गव्हाणीत.”

“कुणाच्या?”

शिष्य गव्हाणीकडे पाहू लागला. फादर हळू आवाजात म्हणाले, “तू बस्त्यावला सांगितलंस ते मला कळलं. त्यातलं अक्षरही खोटं नाही. पण ते झाड तरी कोणत्या शास्त्रात आहे? ते तू ठेवलंस. म्हणजे तुझी माहिती खरी होती, पण पुढे केलेलं कारण खोटं होतं.”

शिष्याची मान खाली गेली.

“बाळा, शास्त्रात गव्हाण आहे. माणसांच्या वस्तीत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं, एवढंच लिहिलं आहे. भाविकांनी ते वाचलं आणि त्यांच्या मनात आलं, गव्हाण आहे म्हणजे तिच्यात खाणारं जनावरही असणार. माणसांनी दारं लावली तेव्हा त्या मुक्या जिवाने आपलं ताट रिकामं करून दिलं. ते उपकार स्मरून त्यांनी बैलाला बाळाजवळ उभं केलं. याला अज्ञान म्हणू नकोस, ही कृतज्ञता आहे. गव्हाणीच्या धन्यालाच, त्या बैलालाच, तू हाकललंस. आता त्याच्यावाचून मी याला कुठे निजवू?”

शिष्य भर समारंभातून उठून बस्त्यावच्या घरी गेला. माळ खुंटीवर टांगलेली होती आणि बैल वैरण खात होता.

“बाबा, बैलाला घेऊन चला. सगळे खोळंबलेत.”

“आत्ताच वैरण टाकलीय, ब्रदर. तोंडचा घास कसा काढू? बसा जरा.”

शिष्य गव्हाणीच्या कडेला बसला. बैल सावकाश चघळत होता. शेवटी शिष्य म्हणाला, “दुपारी मी शास्त्र भलत्याच कामाला लावलं.”

“ते तेव्हाच कळलं मला. तुम्ही बोलत होता तारखांचं आणि बघत होता शिंगाकडं.” म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. “त्याचं काही नाही हो. पण परत येताना मलाच याची लाज वाटायला लागली. जन्मभर याच्या जिवावर जेवलो आणि आज कुणी बघू नये म्हणून याला मागच्या गल्लीनं आणला.”

शिष्याला मेलो तर बरे असे झाले. त्याने दोर घेण्यासाठी हात पुढे केला.

“राहू द्या,” म्हातारा म्हणाला. “मान आमच्या घरचा आहे.”

त्याने माळ पुन्हा बैलाच्या गळ्यात घातली. तिघे निघाले ते मोठ्या रस्त्याने. शिष्य पुढे राहून “वाट द्या, वाट द्या” म्हणत होता. फादरांनी बाळाला निजवले, घंटा वाजली. बैलाने मान लांबवून गव्हाणीतल्या पेंढ्याचा वास घेतला. पाहुण्यांत कुणीतरी शिंगाकडे बोट दाखवून हसले आणि म्हाताऱ्याची नजर जमिनीकडे गेली. शिष्याने ते पाहिले.

“फादर,” तो कुजबुजला, “माझी ही लाज कधी जाईल?”

“आधी बस्त्यावची जाऊ दे,” फादर म्हणाले. “तुझ्या लाजेचं मग बघू.”

शिष्य फादरांजवळून निघाला आणि सगळ्यांच्या देखत जाऊन बैलाच्या मोडक्या शिंगाच्या बाजूला उभा राहिला.